खंडेनवमीची कातर

दुपारी जेवण झालं की मी जयनगरच्या आमच्या घराच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत पडते, आणि डोळे नीट मिटायच्या आत पेटेतल्या, म्हणजे बेंगळूरच्या जुन्या बाजारपेठेतल्या, गल्ल्या दिसायला लागतात. नगरतपेठेची ती अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी शिवणयंत्रांची घरघर, इस्त्रीतल्या कोळशाचा वास, आणि खांद्याला पिशवी लावून घर शोधत चाललेली मी. त्या गल्लीत नेहमी धुकं असतं. खरं म्हणजे बेंगळुरात तेव्हाही रोज काही धुकं पडत नव्हतं, पण माझ्या आठवणीत ते आहे आणि ते पुसायला मी जात नाही. भाची म्हणते, "मावशी, तू झोपेत कुणाशी तरी कानडीत बोलतेस." बोलत असेन. लोकांची दारं ठोठावून "अम्मा, स्वल्प आत येऊ का?" विचारण्यात उमेदीची वर्षं गेली, ती सवय अशी लगेच कशी सुटेल?

हे सगळं दिवाळी अंकासाठी लिहून काढ, असा तिचाच हट्ट. चकली खाता खाता लोकांनी वेड्यांच्या इस्पितळाच्या गोष्टी वाचायच्या! पण लिहिते. ज्यांच्या गोष्टी आहेत ते चकलीला नाही म्हणणारे नव्हते. नावं मात्र सगळी बदलली आहेत.

मी मनोरुग्णालयात नर्स होते. जटकेवाले, म्हणजे तिकडचे टांगेवाले, त्याला 'हुच्चास्पत्रे', वेड्यांचं इस्पितळ, म्हणायचे आणि म्हणताना आवाज खाली आणायचे. तिथं जायचं सांगितलं की जटकेवाला आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पांढऱ्या साडीकडे बघायचा आणि ही आत राहणारी की बाहेरून येणारी याचा अंदाज घ्यायचा. मी मुद्दाम गप्प बसायची. वाटभर बिचारा घोड्याशीच बोलत राहायचा.

मी लागले तेव्हा आमच्याकडे औषध म्हणून फार काही नव्हतं. झोपेची इंजेक्शनं होती, विजेचे झटके होते, आणि उंच भिंत होती. मग पन्नास सालानंतर काही वर्षांनी ती नवी गोळी आली. तिची जाहिरात मी करत नाही, तिनं तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे, माणसं पाण्यातून चालल्यासारखी सावकाश चालायची. पण वर्षानुवर्षं भिंतीशी बोलणारा माणूस एके सकाळी मान वळवून "सिस्टर, आज सांबार कसलं?" असं विचारायचा, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवसांत वॉर्डात दुपारी एक विलक्षण शांतता असे. खिडकीतून रेनट्रीची सावली आत यायची, माणसं खाटांवर बसून आपल्या हातांकडे बघत असायची, कुठल्या तरी फार लांबच्या गावाहून नुकतीच उतरल्यासारखी. मीसुद्धा दारात टेकून त्यांच्याकडे बघत राहायची आणि मेट्रनबाईंची हाक दोनदा आली तरी मला ऐकू यायची नाही.

पंचाईत पुढेच होती. माणूस बरा झाला, आता पाठवायचा कुठं? घरांनी त्यांच्यावाचून राहायची सवय करून घेतली होती. त्यांची खोली भावाच्या संसाराला गेलेली, त्यांच्या जागी दुसरं कुणी कामाला लागलेलं, त्यांचं नाव मुलांपुढे काढायचं बंद झालेलं. कुणी घेऊन जायचे आणि थोड्याच महिन्यांत परत आणून सोडायचे. आमचे मोठे डॉक्टर, मैसूरकडचे, बारीक अंगाचे आणि अतिशय हळू बोलणारे, एकदा राउंडवर म्हणाले, "आपण पेशंट बरे करतो, घर कोण बरं करणार?" आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी निपाणीकडची, घरात मराठी, रस्त्यावर कानडी, आणि वॉर्डात शिकलेली कामापुरती तमीळ-तेलुगू. शिवाय हिला भांडता येतं, अशी मेट्रनबाईंनी पुस्ती जोडली. अशी मी घरोघर फिरायला लागले.

हे काम म्हणजे काय, असं मला अजून विचारतात. लोकांना वाटतं, जाऊन गोळी घेतली का बघायचं. ते तर बघायचंच. पण मी आधी चप्पल काढता काढता घर बघायची. त्याचं अंथरूण घरच्यांच्या बरोबर की जिन्याखाली, तो जेवतो तो सगळ्यांच्या पंगतीत की मागाहून एकटा, लहान मुलं त्याच्या अंगावरून धावतात की भिंतीकडेनं जातात. आणि त्याला घरात काही काम आहे का? देवाची फुलं आणायचं का असेना. काम असलं की मी निम्मी निर्धास्त व्हायची.

एक रेल्वेचे गार्ड होते, मल्लेश्वरमला राहायचे. घरी आले, बरे राहिले, पण नोकरी गेलेली. मी निघाले की ते फाटकापर्यंत येऊन बाहीतून हिरवं फडकं काढायचे आणि ते हलवल्याशिवाय मला जाऊ द्यायचे नाहीत. शेजारीपाजारी हसायचे. मी शेजारणीला म्हटलं, "तुमच्या घरून निघताना तुम्ही एवढं तरी करता का हो?" पुढे पुढे ती शेजारीणच शाळेत जाणारी आपली मुलं त्यांच्यापुढे उभी करायला लागली. हिरवं फडकं हलल्याशिवाय मुलं हलायची नाहीत आणि शाळेला उशीर झाला की दोष गार्डसाहेबांचा.

सगळीकडे असं झालं नाही. गौरम्मा नावाची एक बाई वॉर्डात कित्येक वर्षं चांगली होती. बागेतल्या शेवंतीचं सगळं तीच बघायची. तिच्या भावाचं घर मी शोधून काढलं. त्यांनी बसायला पाट दिला, वहिनीनं कॉफी आणली, आणि कॉफीचा पेला तोंडाला लावताना मला समोरच्या भिंतीवर गौरम्माचा फोटो दिसला. त्याला हार होता. बहीण वारली म्हणून त्यांनी गावात सांगितलं होतं, दिवसही केले होते, कारण घरातल्या मुलींची लग्नं व्हायची होती. भाऊ रडत होता. तो काही राक्षस नव्हता. मी परत आले तर गौरम्मानं हातातली माती झटकून विचारलं, "घरी सगळे बरे?" मी म्हटलं, "बरे आहेत." तिनं पुढे काही विचारलं नाही आणि पुन्हा कधीच विचारलं नाही. ती आमच्याकडेच म्हातारी झाली. मला आजही त्या कॉफीची चव आठवली की वाईट वाटतं.

मारुती घरी गेला तेव्हा ही गौरम्मा माझ्या मनात होती, म्हणून मी त्याच्या बाबतीत जरा जास्तच हट्टाला पेटले असेन.

मारुती शिंपी. पेटेतली ही मराठी शिंप्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेली, घरात मराठी बोलायचं पण त्यात कानडी इतकी मुरलेली की मला निपाणीची असूनही कधी कधी कान टवकारावे लागत. दुकान थोरल्या भावाचं, मागे राहतं घर. या थोरल्यांना सगळी गल्ली तुकाअण्णा म्हणायची. अण्णा गिऱ्हाईक आणि हिशेब बघायचे, मशीनवर दोन कारागीर असायचे, आणि कापड कापायचं काम मारुतीचं. बाहेरच्यांना वाटतं शिंपी म्हणजे शिवणारा. शिवणारे पुष्कळ असतात. कापणारा एकच असतो, कारण शिवण उसवता येते आणि कापलेलं कापड जोडता येत नाही. दुकानाची अब्रू कापणाऱ्याच्या हातात. आणि प्रत्येक कापणाऱ्याची कातर त्याची स्वतःची असते, ती तो दुसऱ्याला देत नाही, तिचं पातं त्याच्या हाताच्या वळणानं झिजलेलं असतं.

तर या मारुतीला आवाज ऐकू यायला लागले. कापडातून लोक बोलतात, माझी मापं मला परत दे म्हणतात, असं तो सांगायचा. घरच्यांनी देवऋषी केले, जत्रेला नेऊन आणलं. लग्नसराईच्या ऐन हंगामात एका दिवशी त्यानं दुकानात आलेलं सगळं कापड, लोकांच्या लग्नाचं रेशमी कापडसुद्धा, पट्ट्या पट्ट्या करून टाकलं. अण्णा कातर हिसकावायला गेले आणि त्यांचा तळहात आडवा फाटला. मारुतीला ते कळलंही नाही. अण्णांची करंगळी पुढे कधी सरळ झाली नाही.

आमच्याकडे तो बरा झाला. आणि गंमत बघा, आमच्या इस्पितळात शिवणकामाचा एक विभाग होता, तिथं पेशंटांचे सदरे-पायजमे शिवले जायचे. तोवर सगळ्यांना एकाच मापाची पिशवी मिळायची, बारक्याला ती गुडघ्याखाली आणि जाड्याला पोटात घट्ट. मारुती तिथं जाऊ लागला. सकाळी अटेंडंट त्याच्या हातात कातर द्यायचा, संध्याकाळी मोजून परत घ्यायचा. त्यानं माणूस बघून कापायला सुरुवात केली. पहिल्यांदा बेताच्या बाह्यांचा सदरा अंगात घातलेला एक म्हातारा दिवसभर हात पुढे धरून फिरत होता, जणू काही हातच नवे मिळाले. वॉर्ड एकदम माणसांचा दिसायला लागला.

अशा माणसाला मी मोठ्या ऐटीत घरी पाठवलं, आणि नंतर पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तर त्याची बायको रखमा शेजारच्या घरातून झाकलेलं भांडं घेऊन येत होती. म्हटलं, शेजारणीनं काही गोडधोड दिलं असेल. झाकण जरा सरकलं तर आत चिरलेल्या शेंगा. मी स्वयंपाकघरात डोकावले. नारळ होता, पण खवलेला, तोही वाटीत बाहेरून आलेला. विळी कुठं दिसेना. माजघरात शिवणाची टोपली होती, त्यात सुया होत्या, दोरा तोडायला मात्र काही नव्हतं, रखमा तो दातांनी तोडायची. त्या घरात धारेची एकही वस्तू नव्हती. शिंप्याचं घर, आणि धार नाही.

सगळं मायेनं चाललं होतं, हे लक्षात घ्या. मारुतीला सगळ्यात आधी वाढायचे, दूध वेगळं ठेवायचे, मुलांना "काका झोपलाय, हळू" म्हणायचे. दुकानात त्याला अण्णांच्या शेजारी गादीवर जागा होती. काम मात्र काजं करायचं आणि बटणं लावायचं, कातरीला त्याचा हात लागू द्यायचे नाहीत. ते काम शिकाऊ पोरं करतात.

मी निघाले तसा मारुती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "अक्का, आमच्या घरात कोथिंबीर हातानं तोडतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतंय."

"मग तू बोलत का नाहीस?"

"काय बोलू? अण्णांचा हात मी रोज बघतोय की." मग म्हणाला, "मला परत घेऊन चला अक्का. तिथं मी कटर होतो. इथं मी पेशंट आहे."

मी त्याला दरडावलं, असं बोलू नये म्हटलं. पण घरी राहायला आलेला माणूस इस्पितळात परत चल म्हणतो, आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मला मनापासून म्हणता येत नव्हतं. गोळी तो घेत होता, पण जेवण कमी झालं होतं आणि झोप वाढली होती. हळूहळू माणूस कसा विझत जातो ते मी वॉर्डात पाहिलेलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं. ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "परत घेतला तर तो इथलाच होईल. चांगला कटर म्हणून इथंच म्हातारा होईल." मग म्हणाले, "आणि भावाला खोटं पाडू नका. त्याचा हात खरंच फाटला आहे."

मी आधी युक्ती करून बघितली. ब्लाउजचं कापड घेऊन दुकानात गेले आणि म्हटलं, अण्णा, हे मारुतीच्या हातूनच हवं. अण्णा हसून "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले. ब्लाउज मिळाला तो अण्णांनी कापलेला, मारुतीनं काजं केलेला. काजं सुरेख होती. बाही अशी घट्ट की हात वर केला की श्वास अडकायचा. तो ब्लाउज मी वर्षभर घातला आणि प्रत्येक वेळी तुकाअण्णांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मग मी सरळ बोलले. अण्णा दुकानाच्या फळीवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचं सगळं सरी आहे. त्याला जेवायला मागा, कपडा मागा, माझ्या वाट्यातलं अर्धं मागा. कातर मागू नका. त्याची कातर मी रखमाला सांगून तळ्यात टाकवली."

"तळ्यात?"

"हो. घरात ठेवायला मन झालं नाही, विकायलाही झालं नाही."

मारुतीला हे माहीत होतं की नाही, मला अजून सांगता येणार नाही. पण पुढच्या भेटीला त्यानं शांतपणे सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. खंडेनवमीला माझी कातर पूजेला बसली नाही, तर तुम्ही नको म्हणालात तरी मी येणार." त्यांच्यात ती रीत होती. खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं देवापुढे मांडायची, ज्याची त्याची त्याच्या नावानं. ज्याचं हत्यार मांडलं नाही त्यानं धंदा सोडला असं धरायचं, मग तो मेलेला असो की जिता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पहिलं कापड देवाच्या अंगरख्याचं कापायचं आणि मग वर्षाचं काम सुरू.

आता कातरच तळ्यात गेली म्हटल्यावर मी काय करणार? नवी आणून दिली असती तर ती अण्णांच्या मनाविरुद्ध झाली असती, आणि मनाविरुद्ध दिलेली कातर मारुतीनं हातात धरली नसती. मी अण्णांना एवढंच म्हटलं, एकदा इस्पितळात येऊन शिवणाचा विभाग बघा. भाऊ तिथं इतके महिने होता, पण अण्णा फाटकाच्या आत कधी आले नव्हते. डबा घेऊन यायचे, फाटकावर द्यायचे, रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे राहून थोडा वेळ भिंतीकडे बघायचे आणि परत जायचे.

ते आले. नवं धोतर नेसून, टोपी घालून, एखाद्या कार्याला यावं तसे आले. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि आवारात सगळीकडे ओल्या पानांचा वास होता. वॉर्डाबाहेर माणसं उन्हाला बसली होती. अण्णा आधी माझ्या पाठीमागून चालत होते. मग एकाएकी थांबले, एका म्हाताऱ्या पेशंटजवळ गेले आणि काही न विचारता त्याच्या सदऱ्याचा गळा दोन बोटांत धरून बघायला लागले. म्हाताऱ्यानं निमूटपणे मान वर केली. अण्णा पुढच्याकडे गेले, त्याचाही गळा बघितला, खांद्याची शिवण बघितली. असे ते त्या उन्हात एकेका माणसापुढे थांबत गेले आणि प्रत्येक जण आपापली मान वर करत गेला. ते सगळं इतकं सावकाश आणि निःशब्द चाललं होतं की मला आजही ते घडलं की मी व्हरांड्यात झोपेत बघितलं, याची खात्री वाटत नाही.

शेवटी ते म्हणाले, "गळा त्याचाच. आमच्या वडलांचा गळा असा. मला तो कधी आला नाही."

मला वाटलं, जिंकलं. पण फाटकापाशी येऊन अण्णांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि म्हणाले, "सिस्टर, इथं तुम्ही आहात, कातर देणारे-घेणारे आहेत. घरात मी आहे आणि पोरं आहेत. मला भीती वाटते. माझ्याच भावाची भीती वाटते, हे मी कुणाला सांगू?" आणि तो एवढा थोरला माणूस रस्त्यात रडला. मी त्यांचा वाकडा हात हातात धरून उभी राहिले. त्या घटकेला मला त्यांच्याशी भांडता आलं नाही.

खंडेनवमीला मी त्यांच्या दुकानात गेले ती जीव मुठीत धरूनच. गल्लीभर झेंडूच्या माळा, दारादारात कुंकू भरलेले कोहळे, मुलांच्या ओच्यात चुरमुरे-डाळं. दुकान धुऊन काढलं होतं. मशीनना हार घातले होते, इस्त्रीला गंध लावलं होतं, टेप गुंडाळून ठेवली होती. पाटावर अण्णांची कातर आणि कारागिरांच्या दोन, अशा ओळीनं मांडलेल्या. मारुती दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. अंगात धुतलेला सदरा, आणि शेजारी एक पिशवी. पिशवीत काय आहे ते मी ओळखलं. त्याचे कपडे होते. पूजा झाली की तो माझ्याबरोबर निघणार होता.

भटजींनी पळी हातात घेतली. तेवढ्यात आतून रखमा आली. ही बाई माझ्याशी कधी फार बोललेली नव्हती. विळी शेजारी नेऊन ठेवणारी तीच, दोरा दातांनी तोडणारी तीच. तिनं पदराआडून एक गाठोडं काढलं, सोडलं, तर आत तिच्या लग्नातल्या चोळीत गुंडाळलेली कातर. तेलानं माखलेली, गंजाचा ठिपका नाही. तिनं ती पाटावर ठेवली, बाकीच्या तिन्हींच्या ओळीत.

अण्णा म्हणाले, "ही तर तळ्यात…"

"टाकली नाही," रखमा म्हणाली. "गेले होते टाकायला. काठावर बसून आले." मग म्हणाली, "अण्णा, मलाही भीती वाटते. पण उद्या त्यांनी मागितली तर देऊ काय, हे मला सुचेना."

भटजी एकदा अण्णांकडे, एकदा कातरीकडे बघत राहिले. अण्णांनी शेवटी वाकून हळदीची वाटी उचलली आणि चारी कातरींना हळद लावली. कोहळा फुटला, मुलांनी ओरडा केला, चुरमुरे वाटले गेले. मारुती उठला नाही. त्यानं चुरमुरे हातात घेतले आणि तसाच बसून राहिला. मी निघाले तेव्हा अण्णा मागून म्हणाले, "सिस्टर, उद्या या." माझ्याबरोबर कुणी आलं नाही. पिशवी मात्र अजून दाराशीच होती.

दसऱ्याच्या सकाळी खरंच धुकं होतं, एवढं मी शपथेवर सांगते. दुकानात जमिनीवर धुतलेली चटई, तिच्यावर तांबडं कापड पसरलेलं, खडूच्या रेघा आखून ठेवलेल्या. देवाचा अंगरखा दरवर्षी घरातला थोरला कापतो. अण्णा कापडापाशी बसले, कातर उचलली. त्यांची नव्हे, रखमानं तेल लावून जपलेली. ती त्यांनी मारुतीपुढे धरली, मूठ त्याच्याकडे करून.

"तू काप," ते म्हणाले.

"तुम्ही थोरले."

"धरायला कुणीतरी पाहिजे की. मी धरतो."

कापड सरळ कापायचं तर पलीकडून कुणी तरी ते ताणून धरावं लागतं, आणि कातर त्याच्या हातांच्या दिशेनं येते. अण्णा पलीकडे जाऊन बसले. त्यांनी दोन्ही हातांनी कापडाची टोकं धरली, उजव्या हाताची करंगळी वाकडीच राहिली. मुलं दारात गोळा झाली होती. रखमानं धाकट्याला जवळ ओढून घेतलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. डॉक्टर काय म्हणाले, गोळी किती दिली, यातलं काहीही त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं.

मारुतीनं कातर हातात घेतली. एकदा नुसतीच उघडली, मिटली. मग खडूच्या रेघेवर ठेवली आणि कापायला लागला. तो आवाज मी किती तरी दुपारी ऐकला आहे. कातर सरकत सरकत पलीकडे निघाली, आणि अण्णांच्या बोटांच्या जरा अलीकडे येऊन थांबली.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"अण्णा," मारुती म्हणाला, वैतागून, अगदी धंद्यातला माणूस वैतागतो तसा, "डोळे उघडा की. कापड वाकडं धरलंय तुम्ही."

अण्णांनी डोळे उघडले. आधी भावाकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. कापड खरंच वाकडं झालं होतं. त्यांनी ते सरळ केलं, बोटं होती तिथंच ठेवली आणि म्हणाले, "सरी. काप आता."